बँकॉकच्या पलीकडच्या काठावर: कुडी चीनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकॉकला जाऊन आलेल्या मराठी माणसाला 'काय पाहिलं?' विचारलं की यादी ठरलेली असते: सफारी वर्ल्ड, सोन्याचा बुद्ध, क्रूझवरचं जेवण, एखादा मॉल. नदीपलीकडच्या कुडी चीन या जुन्या वस्तीबद्दल मी बोलायला लागले आणि प्रश्न यायला लागले. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर ३, ४ आणि ९ एवढे तरी वाचा.

१. कुडी चीन म्हणजे नेमकं काय? आणि ते बँकॉकमध्येच आहे ना?

बँकॉकमध्येच आहे, पण चाओ प्राया नदीच्या पश्चिम काठावर, थोनबुरी भागात. पूर्व काठावर राजवाडा, पर्यटक, रिक्षा आणि गोंधळ. पश्चिम काठावर नदीला लागून बोळांची एक जुनी वस्ती आणि तिच्यात हाकेच्या अंतरावर एक चर्च, दोन मोठे बौद्ध विहार आणि एक चिनी देऊळ. जवळच्या कालव्यावर एक मशीदही आहे.

१७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुध्या ही सयामची राजधानी जाळली. (आपल्याकडे पानिपत होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती.) त्या राखेतून उठलेल्या ताकसिन राजाने थोनबुरीला राजधानी केली. ती १७८२ पर्यंतच टिकली; पुढच्या राजाने दरबार नदीच्या पूर्व काठावर हलवला आणि आजचं बँकॉक तिथे वाढलं. या पंधरा वर्षांत ताकसिनबरोबर आलेल्या चिनी, पोर्तुगीज आणि मुसलमान लोकांना या काठावर जागा मिळाल्या. त्यांचे वंशज अजून इथेच राहतात. थोनबुरी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कारभाराच्या दृष्टीने वेगळं शहर होतं, मग ते बँकॉकमध्ये विलीन झालं.

२. नावात 'चीन' आहे, म्हणजे हेच चायनाटाउन का?

नाही. चायनाटाउन म्हणजे यावरात, ते पूर्व काठावर. टॅक्सीवाल्याला नुसतं 'चीन' सांगितलंत तर तो तिकडे नेईल.

'कुडी' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. पालीतल्या 'कुटी'वरून आलेला, म्हणजे भिक्षूची झोपडी. कुडी चीन म्हणजे चिनी कुटी. इथल्या जुन्या चिनी देवळावरून वस्तीला नाव पडलं. गंमत अशी की या भागातल्या मशिदींनाही लोक कुडीच म्हणत आले. पांढऱ्या रंगाच्या मशिदीला 'कुडी खाव', म्हणजे पांढरी कुटी.

३. टूरमध्ये एकच मोकळी दुपार मिळते. तेवढ्यात होईल का? आणि खरंच जाण्यासारखं आहे का?

तीन-चार तासांत आरामात होतं. सगळं अंतर एक किलोमीटरच्या आत आहे.

जाण्यासारखं आहे का, याचं उत्तर माणसागणिक बदलतं. भव्य काहीतरी पाहायचं असेल तर राजवाडा आणि वाट अरुण हा विहार बरे. खरेदी करायची असेल तर इथे काही नाही. पण पुण्याच्या पेठांत वाडे बघत फिरणारे, एखाद्या दारातल्या कुंडीपाशी उगाच थांबणारे तुम्ही असाल, तर अख्ख्या सहलीतली हीच दुपार तुमच्या लक्षात राहील. माझ्याबरोबर आलेल्या एका नातेवाइकांनी दहाव्या मिनिटाला 'आता पुढे काय?' असं विचारलं होतं. त्यांना मी टॅक्सीत बसवून मॉलला पाठवलं आणि दोघेही सुखी झालो.

४. तिथे पोहोचायचं कसं?

माझ्या मते एकच रस्ता खरा: नावेने.

मेट्रोच्या निळ्या मार्गाने सनाम चाय स्थानकावर उतरा. तिथून पाक खलोंग तलात या फुलबाजाराकडे चालत जा. झेंडूच्या राशी, जाईच्या कळ्यांचे गजऱ्यासारखे 'फुआंग मालाय', कमळाच्या कळ्यांच्या जुड्या. दादरच्या फुलमार्केटची आठवण आल्याशिवाय राहत नाही, फक्त आरडाओरडा कमी. बाजाराजवळच्या धक्क्यावरून वाट कल्याणमितला जाणारी लहान नाव मिळते. भाडं अगदी किरकोळ, चिल्लर हातात ठेवा. दोन-तीन मिनिटांत पलीकडे.

नाव नको असेल तर मेट्रोने पुढच्याच स्थानकावर, इत्सराफापला उतरा. सनाम चाय ते इत्सराफाप ही गाडी नदीच्या तळाखालून जाते. तिथून मात्र वीसेक मिनिटं रस्त्याने चालावं लागतं आणि दुपारी ते नकोसं होतं. टॅक्सीने आलात तर 'वाट कल्याणमित' किंवा 'सांता क्रूझ चर्च' असं सांगा, 'कुडी चीन' सांगू नका (कारण प्रश्न २ मध्ये आहे).

आणि हो, इथला 'वाट' म्हणजे रस्ता नव्हे, विहार. पहिल्या दिवशी आमच्या घरात यावर बरेच विनोद झाले.

५. कुठून सुरू करून कुठे संपवायचं?

वाट कल्याणमितपासून सुरू करा आणि नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहा.

वाट कल्याणमित १८२५ मध्ये बांधला गेला. आतली बसलेली बुद्धमूर्ती पंधरा मीटरहून उंच आहे. दारातून एकदम पूर्ण दिसत नाही. आधी गुडघे, मग हात आणि मान मागे टाकल्यावर चेहरा. चिनी भाविक तिला 'साम पो कोंग' म्हणतात, त्यामुळे उदबत्त्या, लाल मेणबत्त्या आणि भविष्याच्या काड्या खुळखुळण्याचा आवाज इथे सतत असतो. आवारातली ब्राँझची घंटा देशातली सर्वांत मोठी मानली जाते.

तिथून नदीकाठच्या पायवाटेवर या. पहिल्यांदा लागतं ते किआन उन केंग, म्हणजेच ज्याच्यावरून वस्तीला नाव मिळालं ते चिनी देऊळ. आत ग्वानयिन देवी आहे. दारावरचं लाकडी कोरीवकाम आणि आतली उडालेल्या रंगांची भित्तिचित्रं जरा वेळ काढून पाहा. बाहेरून लहान दिसतं म्हणून लोक पुढे निघून जातात.

मग सांता क्रूझ चर्चचा फिकट गुलाबी घुमट दिसू लागतो. चर्चच्या मागे बोळांची जाळी आहे. तिथे मात्र कुठला क्रम पाळू नका, हरवा. बोळांतच तीन मजली लाकडी घरातलं छोटं संग्रहालय आहे: तळमजल्यावर कॅफे, वर वस्तीच्या इतिहासाची मांडणी, गच्चीवरून उतरत्या छपरांचा आणि घुमटाचा देखावा.

शेवट वाट प्रयूनला. १८२८ मध्ये सुरू झालेला हा विहार, त्याचा साठ मीटरच्या घरातला घंटेच्या आकाराचा पांढरा चेडी, म्हणजे स्तूप, नदीवरूनही दिसतो. त्याच्या जीर्णोद्धाराला २०१३ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. विहाराभोवतीचं लोखंडी कुंपण इंग्लंडहून आणलं आणि त्याची किंमत तेवढ्याच वजनाच्या साखरेत चुकवली, असं सांगतात. आवारातल्या कासवांबद्दल प्रश्न १३ पाहा.

परत जाताना नावेत बसू नका. शेजारच्या फ्रा पोक क्लाव पुलाच्या मधोमध २८० मीटर लांबीची बाग आहे. कधीकाळी लोहमार्गासाठी बांधलेला आणि अर्धवट सोडून दिलेला हा सांगाडा होता. लोक त्याला 'तुटका पूल' म्हणत. २०२० मध्ये त्याची बाग झाली. सूर्यास्ताला तिथून नदी ओलांडा.

६. पोर्तुगीज इथे कसे आले? गोव्याशी काही संबंध?

संबंध आहे आणि तो सरळ आहे. अफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का. त्याच वर्षी त्याने मलाक्काहून दुआर्ते फर्नांदिश नावाचा दूत अयुध्येला पाठवला. सयामच्या दरबारात पोहोचलेला हा पहिला युरोपीय. पुढे पोर्तुगीज तिथे व्यापार करू लागले, तोफा-बंदुकांचे जाणकार म्हणून राजाच्या पदरी राहू लागले, स्थानिक बायका करून स्थायिक झाले. पूर्वेकडचा सगळा पोर्तुगीज कारभार तेव्हा गोव्यातून चालायचा.

अयुध्या पडल्यावर यांतले काही ताकसिनच्या बाजूने लढले. १७६९ मध्ये त्याने त्यांना नदीकाठी चर्चसाठी जागा दिली. जागा मिळाली तो दिवस १४ सप्टेंबरचा, म्हणजे ख्रिस्ती पंचांगातला पवित्र क्रुसाचा सण. म्हणून नाव सांता क्रूझ. मुंबईकरांना नाव ओळखीचं वाटतं ते उगाच नाही. आपल्या सांताक्रूझमध्येही तोच 'पवित्र क्रूस' आहे.

पहिलं चर्च लाकडी होतं. आज दिसतं ते तिसरं, १९१६ मध्ये पूर्ण झालेलं, इटालियन वळणाचं. त्याच काळात इटालियन वास्तुरचनाकार बँकॉकमध्ये राजासाठी मोठमोठ्या इमारती बांधत होते.

वस्तीतले लोक आज थाई बोलतात, थाई दिसतात. पोर्तुगीज भाषा केव्हाच गेली. उरलं ते चर्च, घराघरांच्या दारावरचे क्रूस आणि मेरीचे कोनाडे. आणि केक.

७. म्हणजे आपल्या गिरगावातल्या खोताच्या वाडीसारखं का?

बऱ्याच अंशी. अरुंद बोळ, लाकडी घरं, दारातले क्रूस, शहराच्या ऐन मध्यात गावाची शांतता. फरक असा की इथली बरीचशी घरं साधी, पत्र्याची किंवा सिमेंटची आहेत. रंगवलेल्या नक्षीदार गॅलऱ्यांची रांग दिसेल अशी अपेक्षा ठेवलीत तर हिरमोड होईल. दुसरा फरक: खोताच्या वाडीतून बाहेर पडलं की रस्त्याचा गोंगाट, इथे बाहेर पडलं की नदी.

८. तो प्रसिद्ध केक काय आहे? शाकाहारी आहे का?

खानोम फरांग कुडी चीन. 'खानोम' म्हणजे खाऊ, 'फरांग' म्हणजे गोरा परदेशी. या 'फरांग'ला जरा उलटसुलट करून पाहा: आपला 'फिरंगी'. दोन्ही शब्द एकाच मुळातून, फारसीच्या वाटेने आले. थाई भाषेत पेरूलाही फरांग म्हणतात, कारण तेही समुद्रापलीकडून आलेलं फळ. आणि आपला 'पेरू' शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला असं म्हणतात. एका फळाने दोन देशांत पोर्तुगीजांची दोन प्रकारे आठवण ठेवली.

घटक तीनच: बदकाची अंडी, साखर, मैदा. लोणी नाही, दूध नाही, खायचा सोडा नाही. अंडी आणि साखर फेस दाटेपर्यंत फेटतात, मैदा मिसळतात, पत्र्याच्या साच्यांत ओततात आणि खाली-वर निखारे ठेवून भाजतात. वरून बेदाणे आणि साखरेत मुरवलेल्या कोहळ्याचे तुकडे. चिनी लोकांत कोहळा शुभ मानतात, म्हणून तो पोर्तुगीज केकवर जाऊन बसला. चव आपल्या आग्ऱ्याच्या पेठ्यासारखीच. बाहेरून कुरकुरीत, आतून हलका आणि कोरडा. चहा-कॉफीबरोबरच बरा लागतो.

तेव्हा अंडं चालणाऱ्यांना चालेल. न चालणाऱ्यांना नाही, आणि बिनअंड्याचा मिळतो का असं विचारूही नका. अंडं काढलं तर त्यात उरतं काय?

एक-दोन घरांत अजून पिढीजात भट्ट्या आहेत. सकाळी लवकर गेलात तर बोळात शिरल्याबरोबर वासानेच घर सापडतं. घरी न्यायला पाकिटं मिळतात, चार-पाच दिवस टिकतात.

९. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. तिथे खायचं काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर.

वस्तीत खाण्याची ठिकाणं मोजकी आहेत आणि पोर्तुगीज-थाई म्हणून जे मिळतं ते मांसाहारी. उदाहरणार्थ, तांदळाच्या शेवयांवर नारळाच्या दुधातली कोंबडीची आमटी. पोर्तुगीजांना त्यांच्या पास्त्याची आठवण झाली आणि हाताशी तांदळाच्या शेवया होत्या, अशी त्याची कथा सांगतात.

थाई जेवणात 'भाजी' दिसली तरी तिच्यात 'नाम प्ला' (माशाचं पाणी) किंवा 'कापी' (आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, आपल्या सुकटीची चुलत बहीण) असतो. 'व्हेज' म्हटलं तर मांसाचे तुकडे काढून तीच आमटी समोर येते. म्हणून एक शब्द पाठ करा: 'जे'. 'किन जे' म्हणजे मी 'जे' जेवण खाते. चिनी बौद्ध परंपरेतला हा कडक शाकाहार आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो, इंग्रजी सतरासारखं दिसणारं चिन्ह. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही. कांदा-लसूणही नाही.

हे वाचून जैन मंडळी खूश होतात, तेव्हा लगेच सावध करते: जे मध्ये बटाटा, गाजर, मुळा, आळंबी सगळं चालतं. कांदा-लसूण नसणं म्हणजे कंदमुळं नसणं नव्हे. कडक नियम पाळणाऱ्यांनी इथे फळं आणि शहाळ्यावर भागवावं आणि जेवायला नदी ओलांडावी.

नदीपलीकडे मेमोरियल पुलाच्या टोकापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर फाहुरात आहे, बँकॉकमधलं छोटं हिंदुस्थान. कापडाची दुकानं, मसाले, पोळी-भाजी, आणि सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वारा. डोसाही मिळतो. वरणभाताची तंतोतंत चव मिळणार नाही, पण परदेशात पाचव्या दिवशी साधं वरण समोर आलं की त्यावर कोण टीका करतं?

१०. ऐकलं की ऑक्टोबरमध्ये सगळं बँकॉक शाकाहारी होतं. खरं आहे का?

सगळं नाही, पण पिवळे झेंडे जिकडेतिकडे लागतात हे खरं. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत जे चा उत्सव असतो. शुक्ल प्रतिपदेपासून नवमीपर्यंत, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राबरोबरच! २०२३ आणि २०२४ मध्ये दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले. पण चिनी पंचांगातला अधिक महिना आपल्या अधिक महिन्याबरोबरच येतो असं नाही. २०२५ मध्ये नवरात्र २२ सप्टेंबरला बसलं आणि जे चा उत्सव जवळजवळ महिनाभर उशिरा आला. तेव्हा कालनिर्णय पाहून तिकीट काढू नका, चिनी पंचांग पाहा.

उपवासाचं काय? जे मध्ये साबुदाणा मिळतो, पण गोड, नारळाच्या दुधात. खिचडी विसरा.

११. कपडे, चपला, नमस्कार: काय पाळायचं?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पंजाबी ड्रेस, साडी, साधा सदरा-पँट, काहीही. चप्पल विहाराच्या, देवळाच्या आणि मशिदीच्या आत नाही; चर्चमध्ये चालते. उंबरठ्यावर पाय देऊ नका, ओलांडा. हे आपल्या आजीनेही सांगितलेलंच असतं. बसताना पाय बुद्धमूर्तीकडे करू नका. भिक्षूला बायकांनी स्पर्श करू नये, वस्तूही हातात देऊ नये, समोर ठेवावी.

नमस्कार आपल्यासारखाच हात जोडून. समोरच्याने केला की तुम्ही करा, दुकानातल्या पोरापासून प्रत्येकाला आधी करायची गरज नाही.

१२. चर्चमध्ये आणि मशिदीत इतर धर्माच्या लोकांना जाऊ देतात का?

चर्च प्रार्थनेच्या वेळी उघडं असतं, विशेषतः रविवारी. एरवी दार बंद असू शकतं. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसा, मधल्या रस्त्यात उभं राहून व्हिडिओ काढू नका. रंगीत काचांची चित्रं पाहायला आत जाणं खरंच चांगलं.

मशीद (बांग लुआंग, म्हणजेच कुडी खाव) वाट कल्याणमितपासून थोडी आत, बांग्कोक याय कालव्यावर आहे. तिला मिनार आणि घुमट शोधू नका. ती थाई विहाराच्या घाटणीची आहे: उतरतं छप्पर, खांबांची रांग, दर्शनी त्रिकोणावर फुलांचं चुनेगच्ची काम, सगळं पांढरं-हिरवं. नमाजाच्या वेळा सोडून आवारात गेलं आणि विचारलं तर सहसा पाहू देतात. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी.

१३. कासवांना खाऊ घालता येतो असं ऐकलं. मुलांना न्यायचं का?

न्या, मुलांसाठी या भागातलं सर्वांत मोठं आकर्षण हेच आहे. वाट प्रयूनच्या आवारात कृत्रिम दगडी डोंगर आणि भोवती तळं आहे. तळ्यात कासवं. काडीला टोचलेल्या फळांच्या फोडी विकत मिळतात. काडी लांब धरा, बोट पुढे करू नका.

मोठ्यांसाठी त्याच आवारातली एक गोष्ट. १८३७ च्या जानेवारीत इथल्या समारंभात शोभेची तोफ फुटली, माणसं मेली. एका जखमी भिक्षूचा हात अमेरिकन मिशनरी डॉक्टर डॅन बीच ब्रॅडली यांनी कापून काढला आणि तो जगला. सयाममधली पाश्चात्त्य पद्धतीची पहिली शस्त्रक्रिया म्हणून ती ओळखली जाते. भूल देण्याचा शोध तेव्हा लागायचा होता. तोफांचं स्मारक तळ्याजवळच आहे. मुलं कासवांत रमलेली असताना वाचून घ्या.

१४. आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

रस्ता सपाट आहे, अंतर कमी आहे, म्हणून राजवाड्यापेक्षा सोपं. अडचणीच्या जागा तीनच: नावेत चढताना धक्का हलतो, संग्रहालयाचे जिने अरुंद लाकडी आहेत, आणि चेडीच्या आत शिरायला पायऱ्या आणि ठेंगणी दारं आहेत. तिन्ही टाळूनही दुपार वाया जात नाही. त्यांना नदीकाठच्या बाकावर बसवून तुम्ही बोळ फिरून या. माझी आई तासभर तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी मोजत होती आणि नंतर घरी सगळ्यांना तेवढंच सांगत होती.

चाकाची खुर्ची असेल तर टॅक्सीने थेट विहारांपर्यंत जा. बोळांत दोन माणसं एकमेकांना चुकवून जातात एवढीच रुंदी आहे.

१५. कोणता दिवस, कोणती वेळ, कोणता महिना?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमधलं ऊन विदर्भवाल्यांनाही जड जातं, कारण दमट असतं.

सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. हे मी पहिल्या खेपेला न बघताच गेले आणि बंद दारासमोरच्या मांजराचे फोटो काढून परत आले. दुपारी तीनच्या सुमारास सुरुवात केली तर केक, चर्च, कासवं होऊन सूर्यास्ताला पुलावरच्या बागेत पोहोचता येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदी भरलेली असते, भरतीला काठच्या पायवाटेवर पाणी येऊ शकतं. चप्पल ओली झाली तरी चालेल अशीच घाला.

१६. फोटो कुठे काढायचे, कुठे नाही?

चर्च बाहेरून, नदी, विहार, भिंतींवरची चित्रं: खुशाल. किआन उन केंग देवळाच्या आत काढू देत नाहीत. बोळांतल्या घरांची दारं उघडी असतात, आत आजोबा बनियनवर टीव्ही बघत असतात. तो देखावा नव्हे, त्यांचं घर आहे. ड्रोन तर नकोच. शेजारी नौदलाचं मुख्यालय आहे.

१७. नकाशा रस्ता दाखवतो, पण समोर भिंत किंवा कुणाचं अंगण येतं. काय करायचं?

इथे नेहमी होतं. बोळांतले काही रस्ते खासगी घरांत संपतात. उपाय सोपा: घुमट दिसेल तिकडे वळा किंवा हवा लागेल तिकडे, म्हणजे नदीकडे. कुणी दिसलंच तर 'बोत सांता क्रूझ?' विचारा, हाताने दाखवतील.

याच भागातला मोठा चकवा: तुम्ही जिला चाओ प्राया समजता, तो राजवाड्यासमोरचा पट्टा मुळात नदी नाहीच. नदी इथे मोठं वळण घ्यायची. सोळाव्या शतकात जहाजांचा वेळ वाचावा म्हणून मधून कालवा खोदला. पाण्याने तोच रस्ता धरला, कालवा रुंद होत नदी झाला, आणि जुन्या नदीचे बांग्कोक नोय आणि बांग्कोक याय हे कालवे झाले. वाट कल्याणमितच्या बाजूला जे तोंड दिसतं, ती खरी जुनी नदी.

१८. पाट्यांवरची नावं ऐकल्यासारखी का वाटतात?

कारण ती संस्कृत-पाली आहेत, फक्त थाई जिभेवर वळलेली. थोनबुरी म्हणजे धनपुरी. कल्याणमित म्हणजे कल्याणमित्र. इत्सराफाप मध्ये 'ईश्वर' आणि 'भाव' आहेत, पण थाईत अर्थ झाला स्वातंत्र्य. त्या स्थानकाच्या खांबांवर सोनेरी हंस आहेत, कारण जवळ 'होंग'चा म्हणजे हंसाचा विहार आहे. सनाम चायमधला 'चाय' म्हणजे जय. वस्तीचा एक भाग 'बुफाराम', पुष्पाराम. आणि चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव 'थेत्साबान', म्हणजे देशपाल, म्हणजे चक्क नगरपालिका!

मुलांना हा खेळ द्या. मेट्रोच्या नकाशावर अर्धा तास निघतो.

१९. खर्च किती? फसवणूक होते का?

वस्तीत खर्च जवळजवळ नाहीच. दोन्ही विहार, चर्च, संग्रहालय मोफत. पैसे लागतात ते नावेला, केकला, कासवांच्या खाऊला आणि कॉफीला. रोख सुटे बाट ठेवा.

फसवणूक पलीकडच्या काठावर, राजवाड्याजवळ होते. 'आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो' म्हणणारा सभ्य माणूस तुम्हाला रत्नांच्या दुकानात नेऊन सोडतो. काही बंद नसतं. दुसरी जागा इंटरनेटवर: १ मे २०२५ पासून थायलंडला जाण्याआधी आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. पैसे मागणारं पान दिसलं तर ते बंद करा. व्हिसाचे नियम मात्र तिकीट काढण्याच्या आधी दूतावासाच्या पानावरच पाहा, माझ्यासकट कुणावरही विसंबू नका.

२०. वाट अरुणही त्याच दिवशी होईल का?

होईल, तो याच काठावर, कालव्याच्या पलीकडे आहे. पण नकाशावर चिकटलेला दिसतो म्हणून नदीकाठाने चालत जाता येईल असं समजू नका. मध्ये कालव्याचं तोंड आणि नौदलाची हद्द येते, आतून वळसा घ्यावा लागतो. सकाळी वाट अरुण, मग अरुण अमरिन रस्त्याने मशिदीवरून वाट कल्याणमित, आणि तिथून प्रश्न ५ मधला क्रम धरा. वाट अरुणला तिकीट आहे आणि गर्दीही. भाड्याचे थाई पोशाख घालून फोटो काढणाऱ्यांतून वाट काढत पुढे सरकावं लागतं.

२१. तिथे राहायची सोय आहे का?

थोडीफार, काठावर. पण रात्री नऊनंतर वस्ती झोपते आणि नावाही थांबतात. पहाटेच्या विहारातल्या घंटा आवडत असतील तर राहा. एकदा मी राहिले होते. साडेपाचला खिडकीखालून भिक्षूंची रांग गेली, एका बाईने दारातच त्यांच्या पात्रांत भात वाढला. तिच्या दारावर क्रूस होता की नाही ते अंधारात नीट दिसलं नाही.